चार बोटं आखूड

१

राघोभाऊंचा पाय माझ्या जीपने मोडला, तेव्हा मी ब्रेक दाबलेला होता. हे मी पुढे आठवडाभर भेटेल त्याला सांगितलं. प्रत्येक जण "हो का" म्हणाला आणि माझ्यापासून दोन पावलं लांब उभा राहिला.

दोन हजार चारचा फेब्रुवारी, रविवार. मुरबाडच्या बाहेर भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात जीपगाड्यांची चिखल-स्पर्धा होती. फेब्रुवारीत आमच्याकडे चिखल नसतो, म्हणून तो टँकरने मागवला होता. शेजारच्या वाडीत प्यायच्या पाण्याचा टँकर दोन दिवसांनी यायचा. चिखलाचा वेळेवर आला. पहिलं बक्षीस स्टीलचं कपाट, दुसरं बोकड, तिसरं सन्मानपत्र. सगळ्यांचा डोळा दुसऱ्या बक्षिसावर होता.

माझी जीप मी एका सरकारी खात्याच्या लिलावात घेतली होती आणि एरवी शहापूर-शेणवा पॅसेंजर मारायचो. गाडी जुनी होती. चारही चाकांच्या ब्रेकला ऑइलची एकच लाइन. हँडब्रेक शोभेचा. पायाखालच्या पत्र्याला गंजून हातभर भोक पडलेलं, त्यातून रस्ता दिसायचा, तो असेल तेव्हा. मागे डाव्या ब्रेकलाइटमध्ये कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. उजव्यात काहीच नव्हतं.

मी आणि ओमकारने एका मासिकात उंच केलेल्या जीपचा फोटो बघितला. ओमकार म्हणजे पहिलीपासूनचा दोस्त. बांध ओलांडताना पोट घासू नये म्हणून दोघांनी गाड्या उचलायचं ठरवलं. म्हणजे कमानीचे पाटे वाढवायचे नि गाडी चार इंच वर न्यायची. ओमकारने ते घरीच केलं, त्या फोटोकडे बघून. मी माझी गाडी सापगावला जयरामकाकांकडे दिली, कारण मला फोटो नीट वाचता येत नाही.

स्पर्धेत तीन बांध होते. दुसऱ्या बांधावर गाडी चढली, मागचं डावं चाक हवेत लोंबलं, आणि कसलासा 'फट्' आवाज आला. मला वाटलं फटाका. पुढे उतार होता. मी ब्रेक दाबला. पेडल जमिनीला गेलं, आणि त्या भोकातून आणखी खाली जायला तयार होतं. गाडी तिसरा बांध चुकवून पंचांच्या टेबलाकडे निघाली. टेबलाशी शिट्टी घेऊन राघोभाऊ बसले होते, एस.टी.त तीस वर्षं ड्रायव्हर, त्यातला प्रत्येक दिवस अपघाताविना गेलेला. शेजारी बोकड बांधलेलं. बोकड दोर तोडून पळालं. राघोभाऊंना रिटायर होऊन चार वर्षं झाली होती.

त्यांना जीपमधून नेलं. माझ्या नव्हे. मग मुरबाडचा मेकॅनिक कोंडू माझ्या गाडीखाली शिरला आणि मागच्या एक्सलकडे जाणारा ब्रेकचा रबरी होज हातात धरून आला. मधोमध फाटलेला.

"कंपनीचा आखूड होज हाय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "गाडी चार इंच उचलली नि होज तोच ठेवला. लोंबल्यावर ताणून फाटनार नाय तर काय?"

कोणी केलंय काम, असं कोणीतरी विचारलं.

"जयरामने."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. होज बदलला होता का, असं मला विचारलं. मी म्हणालो, मी काही बघितलं नाही.

अर्ध्या तासाने स्पर्धा पुन्हा सुरू झाली, कारण बोकड सापडलं. ओमकार दुसरा आला.

२

जयरामकाकांच्या गॅरेजला रॅम्प नाही, आंब्याचं झाड आहे. जाड फांदीला चेनपुली आहे आणि तिला ते गाडीचं मागचं धूड टांगतात, चाकं लोंबती ठेवून. पंधरा वर्षांपूर्वी जॅक सटकून त्यांची दोन बोटं गेली, तेव्हापासून चाकांवर उभ्या असलेल्या गाडीखाली ते शिरत नाहीत. तालुक्यातल्या निम्म्या जीप त्या आंब्याला लागलेल्या आहेत.

काकांची आणखी एक पद्धत. काढलेला जुना पार्ट मालकाच्या हातात द्यायचा, म्हणजे बदललाय यात शंका नको. शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी निळी प्लॅस्टिकची पिशवी गाठ मारून दिली आणि काहीतरी सांगितलं. मी मान हलवली, पिशवी सीटखाली टाकली. काकी, म्हणजे सोनूबाई, ओट्यावर बसून आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून पट्ट्या करत होत्या. त्या पट्ट्यांनी काका हात पुसतात, वायरी बांधतात, जिथे रबर पत्र्याला घासेल तिथे गुंडाळतात. त्या गॅरेजात बुद्धाच्या तसबिरीखालचा कपडाही त्याच लुगड्याचा आहे.

स्पर्धेनंतर मंगळवारी सकाळी सोनूबाई शेणव्याला माझ्या दारात उभ्या. एकट्या, एस.टी.ने. काकांनी पाना खाली ठेवला होता, असं त्यांनी सांगितलं. पहिल्या रात्री ते म्हणाले, मी लांब होज टाकला होता, मिनी ट्रकचा. सकाळी म्हणाले, टाकला असेल ना? आता गप्प बसलेत आणि आपलेच हात बघतायत. येत्या रविवारी शहापूर-शेणवा स्टँडवरचे जीपवाले सापगावला मीटिंग घेणार होते: जयरामकडे कोणी काम द्यायचं नाही. त्याआधी हे निस्तरलं नाही तर चाळीस वर्षं काम केलेला मेकॅनिक गेला.

"गाडी नाय चालवत मी," त्या म्हणाल्या, "पन तू मला फिरव. मोटारसायकल हाय ना तुजी?"

माझी जीप ओढून आणून अंगणात लावली होती. काकींनी सीटखाली हात घातला. निळी पिशवी निघाली. रिकामी. गाठ सुटलेली.

"बघ," त्या म्हणाल्या. "जुना पाइप यातून निघाला नि परत गाडीला लागला. लांबवाला कोनी नेला." मग पिशवी घडी करून कमरेला खोचली. "शनवारी गाडी कुटं व्हती?"

सकाळी मुरबाडला तपासणीला नेली होती, मग इथेच, दिवसभर, मी म्हणालो.

"गाडीपाशी कोन आलता?"

मी नीट आठवलं. पेपरवाला आला होता. एक कोंबडी बॉनेटवर बसली होती.

"कोणी नाही," मी म्हणालो.

३

पहिला नंबर कोंडूचा. त्याच्या गॅरेजला हैड्रॉलिक रॅम्प आहे आणि त्याची पूजा दर शनिवारी होते. जयरामकाकांचं गिऱ्हाईक तुटलं तर सगळं त्याच्याकडे येणार, हे मला मोटारसायकलवरच सुचलं होतं आणि मी ते मोठ्याने म्हणालो. काकी म्हणाल्या, पुढं बघ, म्हैस हाय.

कोंडूने चहा मागवला. शनिवारी तो दिवसभर गॅरेजात होता. लांब होज त्याच्याकडे एकच होता, तो दुपारी स्पर्धेत उतरलेला धाऊ घेऊन गेला. नंतर कोणी आलं असतं तरी देता आला नसता. मग त्याने काकींना रॅम्प चालवून दाखवला. जीप चाकांसकट वर गेली, जशी जमिनीवर उभी असते तशीच, फक्त माणसाच्या डोक्यावर. काकी खाली जाऊन वर बघत राहिल्या.

"यात चाकं लोंबत नायत," त्या म्हणाल्या.

कोंडू म्हणाला, तेच तर चांगलं आहे.

निघताना त्यांनी एक प्रश्न विचारला. सहज, चप्पल घालता घालता. "कोंडू, असं समज तू तो होज बदललास. मग पेडल कोनी दाबलं?"

कोंडूने माझ्याकडे बघितलं. मी म्हशीच्या दिशेने बघितलं.

वाटेत त्यांनी समजावलं. होज काढला की लाइनीत हवा शिरते. ती काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीखाली पाना घेऊन, एक सीटवर. खालचा म्हणतो दाब, वरचा दाबतो. धर, तो धरून ठेवतो. खालचा नट सैल करून हवा सोडतो, आवळतो, मग म्हणतो सोड. असं दहा-पंधरा वेळा. काकांच्या गॅरेजात वरचं माणूस म्हणजे काकी. चाळीस वर्षांत त्यांनी हजारभर गाड्यांचे ब्रेक दाबले होते आणि एकही गाडी फूटभर पुढे नेली नव्हती.

"चोर एक नाय," त्या म्हणाल्या. "दोन हायत."

दुसरा नंबर धाऊचा. तो आधी माझी जीप चालवायचा. स्पर्धेत मी त्याला चालवू दिली नाही म्हणून रागावून त्याने मामाची गाडी उतरवली होती. माझी गाडी कुठे लावतो, चावी कुठे ठेवतो, सगळं त्याला ठाऊक. तो विटांच्या भट्टीवर भेटला. मी सरळच विचारलं.

"तुझे ब्रेक काढायला मला काय पडलंय रूपेश," तो म्हणाला. "तुझं ड्रायव्हिंग पुरेसं व्हतं."

त्याच्या गाडीला होज होता तो कोंडूचाच. पिवळं लेबलसुद्धा अजून चिकटलेलं होतं. शनिवारी सकाळी राघोभाऊंनी सगळ्यांच्या गाड्या तपासल्या आणि आखूड होज असलेल्यांना परत पाठवलं, म्हणून धावपळ करून आणला. पेडलचं विचारल्यावर तो म्हणाला, बायकोने दाबलं, आणि अजून बोलत नाही.

राघोभाऊ मुरबाडच्या एका दवाखान्यात पाय वर टांगून पडले होते. थेट काकांच्या गाडीसारखे, पण हे मी बोललो नाही. बोललो असतो, पण काकींनी आधीच माझ्याकडे बघितलं.

राघोभाऊ काकांवर चिडलेले नव्हते. ते स्वतःवर चिडलेले होते. शनिवारी सकाळी त्यांनी प्रत्येक गाडीचं मागचं एक चाक जॅकने उचलून होज किती ताणतो ते बघितलं. दोन होज दोरीवरच्या धोतरासारखे ताठ झाले. त्या दोघांना स्पष्ट सांगितलं की हा बांधावर तुटणार, गाडी थांबणार नाही, मराल. संध्याकाळी सहाच्या आत बदलून आणा. दोघांनीही आणला. एकाने तर फडकं गुंडाळून, अगदी व्यवस्थित.

"आणि माझी?" मी विचारलं.

राघोभाऊ छताकडे बघून म्हणाले, "तुजी नाय बघितली. जयरामचं काम हाय म्हनलास. मग काय वाकायचं, म्हनलं."

काकी मोसंबी सोलत होत्या. त्यांचा हात थांबला होता. कधी थांबला ते माझ्या लक्षात आलं नाही. मला त्यांनी चहा आणायला पाठवलं. मी तीन चहा घेऊन आलो तेव्हा मोसंबी सोलून झाली होती आणि दोघंही खिडकीबाहेर बघत होते.

 शेणव्याला उतरल्यावर त्यांनी पुन्हा तेच विचारलं. शनिवारी गाडीपाशी कोण आलं होतं, रूपेश? नीट आठव.

मी पुन्हा म्हणालो, कोणी नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. "रविवारी गाडी वडून घेऊन ये. बाकीच्यांनाबी सांग. ओमकारलाबी."

४

बुधवारी ओमकारकडे बोकड कापलं. बक्षीस असं एकट्याने खायचं नसतं. त्याची आई सकुबाई असा रस्सा करते की माणूस आपली दुःखं विसरतो, आणि मला त्या आठवड्यात विसरायला बरंच होतं. मी तीन वेळा वाढून घेतलं.

जेवता जेवता मी सगळा तपास सांगितला. कोंडूचा रॅम्प, धाऊचं लेबल, रिकामी पिशवी. ओमकार मन लावून ऐकत होता. तो नेहमीच ऐकतो; दहावीला मी नापास झालो तेव्हाही त्याने संपूर्ण ऐकून घेतलं होतं आणि मग स्वतःचा निकाल सांगितला नव्हता, आठवडाभर. असा माणूस. माझी चप्पल तुटली तर स्वतःच्या शर्टाची सेफ्टी पिन काढून पट्ट्याला लावणारा. ती पिन अजून माझ्या उजव्या चपलेला आहे.

"कोंडूच असंल," तो म्हणाला. "त्यालाच फायदा."

मलाही तेच वाटत होतं.

"काकी काय इचारतात सगळ्यांना?"

मी सांगितलं: पेडल कोणी दाबलं.

ओमकारने हातातलं हाडूक ताटात ठेवलं. पाणी प्यायला. मग स्वतःच्या ताटातली नळी उचलून माझ्या ताटात टाकली. नळी म्हणजे मटणातला राजा. ती कोणी देत नाही. भाऊ भावाला देत नाही. मला भरून आलं. मी चोखायला सुरुवात केली.

"खा तू," तो म्हणाला. "मला नको."

५

रविवारी सापगावच्या आंब्याखाली तीसेक जीपवाले जमले. सावलीत जागा कमी म्हणून जीप उन्हात आणि माणसं सावलीत. एरवी उलटं असतं. कोंडूही आला होता. धाऊ, ओमकार, सगळे. जयरामकाका ओट्यावर बसले होते, मांडीवर हात ठेवून, आठ बोटं.

मीटिंग सुरू व्हायच्या आत काकींनी पदर खोचला आणि चेनपुली ओढायला लागल्या. माझ्या जीपचा मागचा भाग करकरत वर गेला. कमानी सैल झाल्या, एक्सल खाली लोंबला, चाकं हवेत. काकांनी नजर उचलली. पंधरा वर्षांत ती साखळी कोणी दुसऱ्याने ओढली नव्हती.

काकी कोंडूला म्हणाल्या, तूच लाव. फाटक्या होजचं एक टोक वर चासीला, दुसरं खाली एक्सलला, आणि फाटलेली तोंडं जुळव.

कोंडू खाली शिरला. त्याने ओढलं. पुन्हा ओढलं. मग बाहेर येऊन हात पुसले.

"पोचत नाय."

"किती?"

कोंडूने बोटं लावून बघितली. "चार बोटं आखूड."

काकी सगळ्यांकडे वळल्या. त्यांनी भाषण वगैरे केलं नाही. या झाडाला ज्याची गाडी टांगली नव्हती त्याने हात वर करा, एवढंच म्हणाल्या. एकही हात वर आला नाही. मग म्हणाल्या, बोटं गेल्यापासून माझ्या माणसाला उभ्या गाडीखाली शिरताना बघितलंय त्याने हात वर करा. कोणाचाच नाही. लोक आपापसात पुटपुटायला लागले. बाळी नावाचा जुना ड्रायव्हर म्हणाला, माझी तर साधी डिझेलची टाकी पुसायला पन टांगली व्हती.

मग ओट्यावरून काकांचा आवाज आला. आठवडाभरात पहिल्यांदा.

"लोंबत्या गाडीला जो लागतच नाय," ते सावकाश म्हणाले, "तो मी लावला कसा?"

कोंडूने मान खाली घातली. त्याला रॅम्प आठवला असावा. आखूड होज लावला तो चाकांवर उभ्या गाडीला. उभ्या गाडीला तो पोचतो. लावणाऱ्याला वाटतं झालं काम. म्हणजे तो या आंब्याखाली लागलाच नव्हता. काका चोख होते. एवढ्यावर मीटिंग संपली असती. लोक उठायलाही लागले होते.

"थांबा," काकी म्हणाल्या. "दोन चोरांपैकी एकसुद्धा मिळाला नाय अजून." मग मला म्हणाल्या, "रूपेश, वर बस. एकदा दाबून दाखव, लोकांना कळंल हवा कशी काढतात."

मी टांगलेल्या जीपमध्ये चढून सीटवर बसलो. गाडी नाकावर झुकलेली, मी स्टिअरिंगला धरून. काकी खाली वाकल्या.

"दाब."

मी दाबलं.

"धर."

मी धरलं.

"सोड."

तिसऱ्यांदा 'धर' म्हटल्यावर माझा पाय तसाच राहिला, आणि मला रेडिओवरची मॅच ऐकू यायला लागली. शनिवारची. दुपारी मी जेवायला आत गेलो होतो. बाहेर आलो तर अंगणात गाडीखालून दोन पाय बाहेर आले होते. तुझा ब्रेकलाइट लागत नाय रे, असं त्या पायांनी मला सांगितलं. उद्या सुरुवातीला परत तपासतील, नापास होशील, वायर बघतोय, वर बस नि सांगतो तसं पेडल दाब. मी रेडिओ मांडीवर घेऊन बसलो. दाब. धर. सोड. पंधरा-वीस वेळा. दोन विकेट पडल्या तेवढ्यात. मध्येच मी विचारलंही, लागला का? लागेल, असं उत्तर आलं.

मी खाली उतरलो आणि गाडीच्या मागे गेलो. डाव्या ब्रेकलाइटमध्ये कुंभारणीचं घर होतं. उजव्यात काहीच नव्हतं. बल्ब या गाडीला कधी नव्हताच, आणि हे माझ्याइतकंच ओमकारला माहीत होतं. त्या घरावर तोच हसायचा.

"काकी," मी म्हणालो, "पेडल मी दाबलं."

कोणी हसलं नाही. एरवी मी असं काही बोललो की हसतात.

गाडीपाशी कोण आलं होतं, हे काकींनी दोनदा विचारलं आणि मी दोनदा 'कोणी नाही' म्हणालो. खोटं नव्हतं बोललो. ओमकार रोज यायचा. तो कोणी नव्हता. तो घरातला होता.

६

ओमकारची जीप उन्हात उभी होती. काकी तिच्याकडे गेल्या नाहीत. त्यांनी फक्त हातातली एक पट्टी माझ्याकडे दिली, आपल्या लुगड्याची, हिरवी, काठाला बारीक चौकडी. मी ती घेऊन ओमकारच्या गाडीखाली वाकलो. मागच्या एक्सलवरच्या लांब होजला तशीच पट्टी गुंडाळलेली होती. तीच चौकडी, काकांची दुहेरी गाठ. ओमकारने ती सोडली नव्हती. तो गाडीचाच पार्ट असेल असं त्याला वाटलं असणार; फोटोत नव्हता, पण फोटोत सगळंच कुठे असतं.

दवाखान्यात राघोभाऊंनी 'फडकं' म्हटलं तेव्हाच काकींना कळलं होतं. मी चहा आणायला गेलो तेव्हा त्यांनी नाव विचारून घेतलं. कोंडूकडचा एकुलता होज धाऊने नेला होता, त्याला लेबल होतं. उरलेल्या एकाने फडकंवाला आणला कुठून? मला सांगितलं नाही, कारण मी मानलं नसतं. बुधवारी रस्सा खाताना तर मुळीच मानलं नसतं.

ओमकार जागचा हलला नव्हता. तो पळेल असं मला वाटलं होतं. पळाला असता तर बरं झालं असतं.

"पोचत होता रे रूपेश," तो म्हणाला. "मी लावून बघितला. तुझ्या गाडीला चांगला पोचत होता."

 तो बोलत राहिला. सहाच्या आत कुठे होज मिळेना. एकच दिवस तर हवा होता. स्पर्धा झाली की परत लावून देणार होता. मग ते पायाचं झालं, नि सांगायचं राहून गेलं.

"राहून गेलं," काकी म्हणाल्या. तेवढंच.

जयरामकाका ओट्यावरून उठून आले आणि माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांच्याकडे बघून ओमकारने मान खाली घातली. माझ्याकडे बघून घातली नव्हती. मला ते लक्षात राहिलं.

"पोचत होता," मी म्हणालो, "तर तुझ्या गाडीला का नाही ठेवलास?"

 शनिवारी सकाळी राघोभाऊंनी त्याला समोर उभं करून सांगितलं होतं की हा तुटणार आणि गाडी थांबणार नाही. म्हणून तर लांब होज हवा होता. एका होजचं काय होणार हे त्या शनिवारी तालुक्यात फार थोड्या लोकांना माहीत होतं. त्यातला एक माझ्या गाडीखाली झोपला होता.

स्टँडवाल्यांनी दहा मिनिटांत ठरवलं: ओमकारची जीप स्टँडवर लागणार नाही. राघोभाऊंना त्याने स्वतः जाऊन सांगायचं. कोंडू काकांकडे गेला, काहीतरी पुटपुटला, आणि जाताना हळूच आंब्याची फांदी किती जाड आहे ते बघून गेला. बोकडाचा विषय कोणी काढला नाही. मी तर नाहीच नाही.

काकांनी पाना मागितला. मी दिला. त्यांनी माझी जीप उतरवून ओमकारची टांगली, लांब होज काढला, आणि मग पद्धतीप्रमाणे, जुना पार्ट मालकाच्या हातात, त्यांनी तो मला दिला. हिरव्या पट्टीसकट. मग म्हणाले, तुझ्या गाडीला तूच लाव. शीक जरा.

मी माझ्या पुन्हा टांगलेल्या जीपखाली पाठीवर सरकलो. होज दोन्हीकडे पोचला, वर बोटभर ढील राहिली. हवा काढायची होती. काकी सवयीने सीटवर जाऊन बसल्या.

"दाब," मी खालून म्हणालो.

पत्र्याच्या त्या भोकातून काकींचा पाय दिसला. चप्पल, पेडल, आणि चपलेचा झिजलेला टाचेचा भाग. इतकं स्पष्ट दिसेल असं मला वाटलं नव्हतं. पेडल खाली यायचं तसा पाय थेट माझ्या तोंडावर यायचा.

म्हणजे शनिवारी इथे झोपून, हातात आखूड होज घेऊन, त्याला माझी चप्पल दिसत होती. उजवी. सेफ्टी पिन लावलेली. उद्या हीच चप्पल याच पेडलवर असणार, हेही.

"धर म्हन की," वरून काकी म्हणाल्या.

मी 'धर' म्हणालो. चप्पल धरून राहिली.